‘मला कधीच काही झालं नाही’ हे उत्तर किती धरायचं?

आरोग्य शिबिर असो, विम्याचा फॉर्म असो, नाहीतर मिरजेतल्या एखाद्या दवाखान्यातला नवा केसपेपर, ‘पूर्वीचा काही आजार?’ हा रकाना सगळीकडे असतो. समोरून उत्तर येतं, ‘काही नाही.’ लिहिणारा तिथं एक रेघ ओढतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. माझा सगळा आक्षेप त्या रेघेला आहे. माणूस खोटं बोलतो असं नाही. त्याला खरोखर आठवत नसतं, आठवलं तरी तो त्याला आजार म्हणत नसतो, आणि आपण ज्या घाईनं विचारतो त्या घाईत कुणालाच काही आठवणार नाही. ‘होय, झाला होता’ या उत्तरावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. ‘नाही’वर फार कमी. मनाच्या आजाराबद्दलचं ‘नाही’ तर कोरा रकानाच समजावा.

पुढचं सगळं सांगली-साताऱ्याकडच्या आशाताई, नर्स, समुपदेशक, घरोघरी सर्वेक्षणाला जाणारी मुलं-मुली यांच्यासाठी आहे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरकडे घेऊन जाणाऱ्यांसाठीही, कारण खुर्चीत बसल्यावर निम्मी उत्तरं तेच देतात.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९८१ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. त्याच लोकांना १९८२ मध्ये, मग १९९३ ते १९९६ च्या दरम्यान आणि शेवटी २००४-०५ मध्ये पुन्हा गाठून आजारांबद्दल विचारलं गेलं. त्यातल्या १,०७१ जणांच्या उत्तरांचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी दोन आकडे शेजारी ठेवले. शेवटच्या मुलाखतीत ‘आयुष्यात कधीतरी हा आजार झाला’ असं दिसणारे किती, हा एक. आणि सगळ्या मुलाखती मिळून तो आजार ज्यांच्यात नोंदला गेला असे किती, हा दुसरा. मधुमेहाचे आकडे १८.२ टक्के आणि २०.२ टक्के, म्हणजे फारसा फरक नाही. रक्तदाब ४८.४ आणि ५५.४. संधिवात ४५.८ आणि ५४. कॅन्सर ८.४ आणि १०.२. पॅरालिसिसचा झटका ५.५ आणि ८.४, म्हणजे इथं तिसरा हिस्सा गळाला. आता मनाकडे वळा. डिप्रेशन शेवटच्या मुलाखतीत ४.५ टक्के, सगळ्या मुलाखती मिळून १३.१. पॅनिकचा आजार २.५ आणि ६.७. दारूचं व्यसन ९.१ आणि २५.९. ज्यांनी एकेकाळी स्वतःच्या तोंडानं लक्षणं सांगितली होती, त्यांतल्या दर तिघांपैकी साधारण दोघांचा आजार नंतरच्या आठवणीतून गायब.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा अजून चालू आहे. तिथं ३२ व्या वर्षापर्यंत वेळोवेळी विचारत गेल्यावर डिप्रेशनचं प्रमाण ४१.४ टक्के भरलं. एकदाच मुलाखत घेऊन ‘आयुष्यात कधी?’ असं विचारणाऱ्या राष्ट्रीय पाहण्यांत जे प्रमाण येतं, त्याच्या साधारण दुप्पट हे पडतं.

आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यं होती, त्यात महाराष्ट्र नव्हता. सध्या डिप्रेशन असलेले २.७ टक्के आणि आयुष्यात कधीतरी झालेले ५.२ टक्के, असे आकडे आले. ‘सध्या’चा आकडा आणि ‘आयुष्यात कधीतरी’चा आकडा एकमेकांच्या इतके जवळ असले की मला पहिली शंका आठवणीची येते. आजार वारंवार उलटणारा आहे, वर्षानुवर्षांचं आयुष्य त्यात मोजलंय, आणि तरी दुपटीच्या आतच? एका मुलाखतीतून आलेला ‘आयुष्यात कधीतरी’चा कुठलाही आकडा ‘निदान एवढे तरी’ असा वाचावा.

शरीराचा आजार आठवणीत का टिकतो, याचं उत्तर घरातच सापडतं. साखरेची गोळी रोज सकाळी समोर येते. ऑपरेशनचा व्रण अंगावर असतो. पथ्य असतं, तारखेला रक्त तपासायचं असतं, कोपऱ्यात एक्स-रेचं पाकीट असतं. आजार विसरायचा म्हटला तरी या वस्तू विसरू देत नाहीत. झटक्यासारखा आजार, ज्यात हात-पाय आठवड्यात पूर्ववत झाले आणि मागं काहीच उरलं नाही, तो लगेच ‘तेव्हा जरा चक्कर आली होती’ एवढ्यावर येतो. मनाच्या बहुतेक आजारांचं तसंच होतं. रक्ताचा रिपोर्ट नाही, व्रण नाही, गोळी घेतली असली तर सहा महिन्यांत बंद. उरते ती कारणाची आठवण. ‘पोरीच्या लग्नाचं टेन्शन होतं’, ‘धाकटा भाऊ गेला त्याचा धसका घेतला’, ‘द्राक्षबाग गेली त्या साली डोकं चालत नव्हतं’. कारण आठवतं आणि त्या कारणानं झालेला आजार त्याच्यातच मुरून जातो. म्हणून ‘आजार झाला होता का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असंच येतं.

पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं एखादं गाव समजू. ओट्यावर साठीच्या मावशी, समोर यादी घेऊन बसलेली मुलगी. नेहमीची पद्धत अशी:

‘मावशी, तुम्हाला पूर्वी कधी मानसिक त्रास, डिप्रेशन वगैरे?’

‘न्हाई गं बाई. तसलं काय न्हाई आपल्यात.’

‘आपल्यात’ असं म्हटलंय, इकडे लक्ष द्या. प्रश्न एकटीला होता, उत्तर अख्ख्या घराच्या वतीनं आलं. आता तेच दुसऱ्या वाटेनं:

‘मावशी, २०१९ च्या पुरात तुम्ही इथंच होता का?’

‘व्हय की. पाणी पार माळ्याला लागलं हुतं. शाळंत ऱ्हायलो आमी.’

‘पाणी उतरल्यावर घरी आलात, तेव्हा झोप, जेवण कसं होतं?’

‘झोप कसली! रातरात जागी असायची. भाकरी ग्वाड लागंना.’

‘ते कधी कमी झालं म्हणायचं?’

‘लगी न्हाई. गणपती गेलं, दसरा गेला. दिवाळीला थोरली लेक आली, तवा तिनंच डाक्टरकडं न्हेलं.’

‘काय दिलं त्यांनी?’

‘झोपंची गोळी. घेतली दोन-तीन म्हैनं, मग दिली सोडून.’

‘त्या दिवसांत रानातलं काम?’

‘कुठलं काम! उठूच वाटंना.’

पूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीला. म्हणजे अडीच महिने झोप नाही, अन्नावर वासना नाही, कामावरून हात उठलेला, आणि डॉक्टरकडे जावं लागलेलं. हे डिप्रेशनच होतं असा शिक्का प्रश्न विचारणाऱ्यानं मारू नये, ते काम डॉक्टरचं. पण डिप्रेशन म्हणायला दोन आठवड्यांची लक्षणं लागतात हे लक्षात घेतलं, तर त्या रकान्यातली रेघ चूक होती एवढं नक्की. दुसरी गोष्ट, ‘झोपेची गोळी’ म्हणून आठवणारी गोळी डिप्रेशनवरची असू शकते. काही औषधांनी झोप चांगली लागते, म्हणून घरात तिचं तेच नाव पडतं. ती एकदम बंद केल्यावर काय झालं, हेही विचारून घ्यावं.

या दुसऱ्या संभाषणात ‘मानसिक’ हा शब्द एकदाही आला नाही. आधी काळाची खूण, मग झोप-जेवण-काम, मग मुदत, मग उपचार, असा क्रम आहे. आणि किती दिवस ते मावशींनीच सांगितलंय. ‘दोन आठवडे तरी असेल ना?’ असं विचारलं असतं तर त्या ‘असंल की’ म्हणाल्या असत्या, आणि ते उत्तर आपलंच झालं असतं. उलट बाजूची चूक हीच. आठवण काढून देता देता आठवण घडवायची नाही. पुरात सापडलेलं प्रत्येक माणूस आजारी पडलं नव्हतं. त्यामुळे ‘झोप कशी होती?’ हा प्रश्न बरोबर, ‘झोप लागत नव्हती ना?’ हा चूक.

सर्वेक्षण करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. ‘होय’ म्हटलं की पुढं दहा प्रश्न वाढतात, हे उत्तर देणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. मग चुलीवरचं दूध आठवतं आणि ‘नाही, नाही, नाही’ सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्याच्या पाहण्यांत म्हणूनच सगळ्या आजारांचे पहिले प्रश्न सुरुवातीलाच एका ठिकाणी आणले. आधी सगळीकडे ‘होय’ का ‘नाही’ ते घ्यायचं, तपशिलात नंतर शिरायचं. गावातल्या साध्या यादीलाही हा बदल करता येतो, खर्च शून्य. त्याच पाहण्यांत, आजार पहिल्यांदा कोणत्या वयात झाला हे नेमकं आठवत नसेल तर ‘शाळेत जायच्या आधी का नंतर? वयात यायच्या आधी का नंतर?’ असं लहान वयापासून वर सरकत विचारतात. ‘साधारण कितव्या वर्षी?’ असं मोघम विचारलं की लोक अलीकडचं वय सांगतात.

तारखांचा घोळ स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. तो दोन प्रकारचा असतो. मोठी घटना आठवणीत जवळ सरकते: आठ वर्षांपूर्वीचं ऑपरेशन ‘झाली असतील पाच-सहा वर्षं’ होतं. आणि आकडे गोल होतात: पाच, दहा, पंधरा. बीपी ‘दहा वर्षांपासून’ आहे असं सांगणाऱ्याचं खरं उत्तर सात असू शकतं, तसंच चौदाही. मूत्रपिंडाच्या किंवा डोळ्याच्या डॉक्टरला हा फरक महत्त्वाचा, कारण मधुमेह किती वर्षांचा आहे त्यावर पडद्याची आणि किडनीची जोखीम ठरते.

यावरचा उपाय १९८३ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि मारबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी तपासून दाखवला. ‘गेल्या सहा महिन्यांत’ म्हणण्याऐवजी ‘अमुक मोठ्या घटनेनंतर’ असं विचारलं की घटना पुढं ओढायची चूक कमी होते. त्यांनी अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उद्रेक वापरला होता. आपल्याला खुणांची वानवा नाही. फक्त खूण त्या माणसाची स्वतःची पाहिजे. पाटण-कराडकडच्या सत्तरीतल्या माणसाला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप विचारा, पहाटे कुठं झोपला होता तेसुद्धा सांगेल. सांगली, पलूस, वाळव्याच्या नदीकाठाला २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर. वाई-खंडाळ्याकडे जानेवारी २००५ ची मांढरदेवीची दुर्घटना. माण, खटाव, आटपाडी, जतमध्ये पुराचं काय घेऊन बसलात? तिथं १९७२ चा दुष्काळ आणि २०१२-१३ च्या चारा छावण्या. मिरजेत २०१६ सालची लातूरला पाणी नेणारी रेल्वे. आणि मार्च २०२० चा लॉकडाऊन सगळ्यांनाच.

वर्ष लागलं की महिना लावायला शेती आणि सण. तासगावच्या बागायतदाराला ‘खरड छाटणी झाली होती का, फळछाटणी?’ विचारलं की एप्रिल की ऑक्टोबर ते कळतं. ऊसवाल्याला ‘कारखान्याचं धुराडं पेटलं होतं का?’ लोणंद-फलटणला ‘माउलींची पालखी येऊन गेली होती का?’ बाकी बेंदूर, गौरी-गणपती, गावची यात्रा आहेच. बायकांच्या बाबतीत बाळंतपणं सगळ्यांत भरवशाची: ‘थोरला पोटात होता तेव्हा, का रांगत होता तेव्हा?’ कागदावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर आधी लग्न, मुलांचे जन्म, घराचा स्लॅब, पूर, जवळच्यांचे मृत्यू असे ठिपके टाकावेत आणि आजार मागाहून त्या ठिपक्यांच्या मध्ये बसवावेत. आधी आजार आणि मग वर्ष, असं केलं की पुन्हा गोल आकडेच येतात.

किरकोळ आजारांसाठी मात्र खुणा उपयोगाच्या नाहीत. सर्दी, जुलाब, अंगदुखी महिन्याभरात पुसली जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीत साध्या आजारासाठी मागचे १५ दिवस आणि दवाखान्यात ॲडमिट झाल्याबद्दल मागचे ३६५ दिवस विचारतात, ते याचसाठी. दिल्लीत झालेल्या एका अभ्यासात काहींना दर आठवड्याला आणि काहींना महिन्यातून एकदा विचारून पाहिलं. महिन्यानं विचारल्यावर आजारही कमी निघाले आणि डॉक्टरकडच्या फेऱ्याही. गळती गरिबांच्या घरात जास्त होती. हा निष्कर्ष मला फार अस्वस्थ करतो. ज्याला सारखंच काही ना काही होत असतं, त्याला ते आजार वाटेनासं होतं, आणि मग आकडेवारीत गरीब माणूस आहे त्यापेक्षा निरोगी दिसतो.

आता दुखण्याबद्दल. ‘गेल्या महिन्यात गुडघा किती दुखला?’ या प्रश्नाला माणूस महिन्याची सरासरी काढून उत्तर देत नाही. सगळ्यांत वाईट दिवस आणि आत्ता या क्षणाचं दुखणं, यांवर उत्तर बेततो. डॅनियल काहनेमन आणि रेडेलमायर यांनी १९९६ मध्ये आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करून घेणाऱ्यांच्या वेदना मिनिटामिनिटाला नोंदवल्या. नंतरची आठवण ठरली ती कळसाच्या वेदनेवर आणि शेवटच्या काही मिनिटांवर. तपासणी किती वेळ चालली याचा आठवणीवर जवळपास परिणाम नव्हता. त्याच्या आधी १९९३ मध्ये थंड पाण्याचा प्रयोग झाला होता: एकदा १४ अंशांच्या पाण्यात हात ६० सेकंद, एकदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. पुन्हा कुठलं कराल म्हटल्यावर बहुतेकांनी लांबचं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. डोकेदुखीच्या पेशंटमध्येही असं दिसलंय की आज डोकं जास्त दुखत असेल तर मागची दुखणीही जास्त आठवतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की औषध लागू पडतंय का हे आठवणीवर ठरवू नका. शंभर पानी वही घ्या. सात दिवस, सकाळी उठल्यावर, दुपारी आणि झोपताना, ० ते १० मध्ये एक आकडा. त्या त्या वेळीच लिहायचा. रात्री बसून तिन्ही लिहिले तर वही असून नसल्यासारखी. डोकेदुखी असेल तर महिनाभर तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती तास, किती गोळ्या आणि कुठल्या. यातला गोळ्यांचा रकाना सगळ्यांत कामाचा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, मिश्र गोळ्या किंवा मायग्रेनच्या खास गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. विचारलं तर ‘घेते कधी मधी’ हेच उत्तर मिळतं.

मनाच्या बाबतीत आजची मनःस्थिती मागच्या आठवणीवर आणखी गडद सावली टाकते. डिप्रेशनमध्ये असलेल्याला सगळं आयुष्यच तसं गेल्यासारखं वाटतं, आणि नेमका प्रसंग विचारला तर ‘नेहमीच असं’ असं सरधोपट उत्तर येतं. बरा झाल्यावर तोच माणूस म्हणतो, ‘एवढं काही नव्हतं.’ दोन्ही वेळी घरातल्या एकाला वेगळं विचारावं. यात सगळ्यांत घातक विसर उन्मादाचा. ज्याला आलटून पालटून उदासी आणि उन्माद येतो, तो उदासीची तक्रार घेऊन येतो. उन्मादाचे दिवस त्याला आपले चांगले दिवस म्हणून आठवतात. ते सांगितले गेले नाहीत आणि नुसतं डिप्रेशनचं औषध सुरू झालं, तर उन्माद उसळू शकतो. म्हणून बायकोला किंवा भावाला विचारायचं: सलग चार दिवस, आठवडा, असा काळ कधी होता का, की झोप दोन-तीन तास तरी थकवा नाही, बोलणं थांबेना, खर्चाला धरबंध नाही, नको ते व्यवहार झाले? विजेचे उपचार झालेल्या पेशंटच्या उपचाराआधीच्या आणि त्या दरम्यानच्या आठवणी पुसट होऊ शकतात. त्या काळाची नोंद घरच्यांनीच ठेवावी.

फिटचंही तेच, पेशंटला स्वतःला बहुतेक वेळा काही आठवत नसतं. पाहणाऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढावा आणि घड्याळ बघावं, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं दहा वाटतात. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. डोळे उघडे होते का मिटलेले, मान कुठल्या बाजूला वळली, जीभ चावली का, लघवी झाली का, नंतर किती वेळ भान नव्हतं, एवढं सांगता आलं तर डॉक्टरचं अर्धं काम होतं.

बीपी, साखर, थायरॉइड यांना प्रश्नच वेगळा हवा. ‘बीपी आहे का?’ विचारलं की गोळीनं आटोक्यात असलेला माणूस ‘होतं, आता नाही’ म्हणतो. ‘सकाळी कुठल्या गोळ्या घेता?’ विचारा, आणि पाकिटं बाहेर काढायला लावा. ‘अर्धी पांढरी’ या वर्णनात काही अर्थ नाही, कंपनी बदलली की रंग बदलतो. दुकानदार स्ट्रिप कापून देतो तेव्हा नाव आणि मिलिग्रॅमचा भाग पुष्कळदा त्याच्याकडे राहतो. मागच्या छापील बाजूचा फोटो दुकानातच काढून घ्यावा.

‘मला तीनदा टायफॉइड झाला’ हे आपल्या भागातलं नेहमीचं वाक्य. त्यातली बरीचशी निदानं एकाच विडाल तपासणीवर (टायफॉइडसाठीची रक्ततपासणी) झालेली असतात, आणि जिथं टायफॉइड कायमच आहे तिथं एकट्या विडालवर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा ‘टायफॉइड’ हा शब्द उतरवून घेताना ‘ताप किती दिवस, रक्ताचं कल्चर केलं का’ हेही उतरवावं. पेनिसिलिनच्या रिअ‍ॅक्शनबद्दल अमेरिकेतले आकडे डोळे उघडणारे आहेत: सुमारे १० टक्के पेशंट ॲलर्जी सांगतात, तपासल्यावर १ टक्क्यापेक्षाही कमी निघतात, आणि खरी ॲलर्जी असलेल्यांतही सुमारे ८० टक्क्यांची ती दहा वर्षांत जाते. पण म्हणून घरच्या घरी घेऊन बघायचं नाही, ते काम ॲलर्जी तपासणाऱ्या डॉक्टरच्या देखरेखीखालचं. आपण एवढंच लिहायचं: औषध कुठलं, घेतल्यावर किती वेळात, पुरळ आलं का श्वास कोंडला, ॲडमिट व्हावं लागलं का, नंतर कधी तेच औषध चाललं का.

राहिले कागद. आठवणीपेक्षा डिस्चार्ज कार्ड बरं, पण तेही सांभाळलं तर. ईसीजीची पट्टी आणि मेडिकलची बिलं बहुतेक थर्मल कागदावर असतात, दोन-तीन उन्हाळ्यांत ती पांढरी पडतात. त्यांचं गरम लॅमिनेशन करू नये, उष्णतेनं अख्खा कागद काळा होतो. त्याच दिवशी झेरॉक्स किंवा फोटो. पुरात फाइली भिजलेल्यांनी दवाखान्याकडे प्रती मागायला उशीर करू नये: ॲडमिट झालेल्या पेशंटची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा २००२ चा नियम आहे. तीन वर्षांनंतर ती असतीलच असं नाही.

या सगळ्यातून एकच पान तयार करावं, दोन्ही बाजूंनी नाही. वर नाव, जन्मवर्ष, रक्तगट, ॲलर्जी. खाली वर्षवार: काय झालं, कुठं दाखवलं, काय दिलं, किती दिवस, कुणाच्या सांगण्यावरून बंद केलं. ज्या ओळीला कागदाचा आधार आहे तिच्यापुढं ‘कागद’ आणि बाकीच्यांपुढं ‘आठवण’ असं लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्या डॉक्टरला कशावर किती भार द्यायचा ते कळतं. एका बैठकीत पुरं करू नका. दोन-चार दिवसांनी पुन्हा बसलात की भावंडं, जावा, नणंदा यांच्या बोलण्यातून आणखी दोन ओळी निघतात.

मनाच्या उपचारांची नोंद त्या पानावर न घालता वेगळ्या कागदावर असू द्यावी, आणि तो कागद ज्याचा त्याच्याकडे. सासरी जाणारी मुलगी असो की नोकरी करणारा मुलगा, बैठकीत उघडी पडलेली फाइल पुढं काय करते ते आपल्या गावांत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि या भीतीपायीच लोक पुढच्या वेळी ‘काही नाही’ म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटला आपले उपचाराचे कागद मागण्याचा हक्क दिलाय आणि ते गुप्त ठेवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर टाकलीय. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना झोपेच्या गोळीबद्दल विचारू नये. ‘मावशी, जरा आत बसू या का?’ म्हणावं आणि मग वही उघडावी.